खताच्या पोत्यांखालचे घर

मंगरूळपीर

मंगरूळपीरला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि पौषातली थंडी कानांत शिरत होती. स्थानकाबाहेर चहा मागितला. पुण्यात चहावाला आपल्याकडे बघतसुद्धा नाही. इथल्या चहावाल्याने आधी माझी बॅग पाहिली, मग बूट पाहिले आणि विचारले, "कोनाकडे जाऊन राह्यले?"

"इंझोरीच्या बाजूला. एका मळ्यात."

"मंग ठीक हाय. दर्ग्यावर येनारे लोक अशे घाबरल्यावानी नाई बसत."

त्याने दाखवलेल्या काळीपिवळीत न बसता मी शेजारच्या काळीपिवळीत बसलो. सहा-सात किलोमीटर गेल्यावर कळले की ही वाशीमला चालली आहे. मी त्याच वाशीमहून आलो होतो. खरे सांगतो, क्षणभर वाटले, जाऊ द्यावे. परत जायचे निमित्त आपण होऊन मिळाले आहे, कोणाला खोटे सांगायलाही नको. पण शेजारी मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने ड्रायव्हरला हाक मारून गाडी थांबवली आणि मला उतरवलेच. "बुवा, तुमची वाट मांगं राह्यली," म्हणाली आणि हसली.

रस्त्याच्या कडेला पाऊण तास उभा राहिलो. शेवटी फोनवर खुणा सांगितल्या, तेव्हा मळ्याच्या मालकांचा मुलगा गजानन मला न्यायला मोटारसायकलवर आला. चाळिशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला. बावीस वर्षांपूर्वी मी त्याच्या वडिलांच्या मळ्यात उत्खननाचा खड्डा घेतला, तेव्हा हा कॉलेजात होता.

"तुमी तं तेच खड्डेवाले साहेब."

मी हो म्हटले.

"बाबाच्या डोक्यातलं गाव तुमीच मोडलं होतं. अन् आता तुमीच आले." आवाजात राग नव्हता, हिशेबही नव्हता. "पन एक सांगून ठेवतो. सोमवारी मशीन येते. त्या कोपऱ्यात शेततळं घ्यायचं हाय. बावीस वर्षं तो कोपरा आमी देवाच्या नावानं सोडलेल्या गोऱ्ह्यावानी पोसून राह्यलो. जोतायचा नाई, पेरायचा नाई. आता बस झालं."

त्या दिवशी बुधवार होता.

मळा

गावाचे नाव लिहीत नाही. गजाननच्या वडिलांनी, सुखदेवभाऊंनीच नको म्हटले. नाव छापून आले की हंड्याच्या आशेने कुदळी घेऊन येणारे लोक पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा आधी पोचतात, असा त्यांचा अनुभव आहे.

सुखदेवभाऊ माळ्यांच्या घरातले. वय पंचाहत्तरच्या पुढे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, थोडा हरभरा. नाल्याकाठचा हा मळा आणि त्याच्या पूर्व कोपऱ्यात गवत वाढलेला एक तुकडा. माणूस तसाच आहे, फक्त बारीक झाला आहे. मला पाहून म्हणाले, "आले? जेवून घ्या पयले." जणू मी परवाच गेलो होतो.

त्यांच्या पत्नी गोकर्णाबाईंनी तुरीच्या हिरव्या सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला. आमच्याकडे पाहुण्याला "आणखी घ्या" म्हणतात आणि तो नको म्हणतो, मग दोघेही सुटतात. इथे विचारत नाहीत. भाकर ताटात पडते. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले. गोकर्णाबाई म्हणाल्या, "पुन्याचे डोळे. लवकर भरतेत."

जेवायला प्रणिताही होती. अमरावतीची. विद्यापीठाकडून आठ दिवसांच्या चाचणी उत्खननाची परवानगी घेऊन आलेली. माझ्या मुलीच्या वयाची, पण कामात, ज्यांच्या हाताखाली मी उत्खनन शिकलो त्या माझ्या सरांसारखी, म्हणजे हसणारी आणि काहीही न सोडणारी. तिनेच मला पत्र पाठवले होते: तुमच्या जुन्या अहवालात दुसऱ्या खड्ड्याची मोजमापे एकाएकी थांबतात, मूळ वही असेल तर आणाल का?

वही मी आणली होती. तिच्यातून फाडलेले एक पान माझ्या शर्टाच्या खिशात होते.

इथे थोडे मागचे सांगायला हवे. सुखदेवभाऊंना नांगरताना खापरे सापडायची. काळी-तांबडी, आतून काळी, पातळ, जुनी. ते म्हणायचे, या काळ्या मातीखाली शेती करणाऱ्यांचे गाव आहे. लोखंड नुकते हातात आले त्या काळचे. आम्हा पुरातत्त्वाच्या लोकांत तेव्हा वेगळे मत पक्के होते आणि ते माझ्या सरांचे होते: या भागात त्या काळी वस्ती नव्हती. गुरे घेऊन फिरणारे लोक येत, मुक्काम करत आणि पुढे जात. एका माळ्याच्या सांगण्यावरून ते बदलायचे, असे कोणाच्या मनातही आले नव्हते. तरी खापरे इतकी होती की पाहायला म्हणून मला पाठवले.

मी लिहिले: खापरे बाहेरून आलेली आहेत. ते लिहिणे सोपे होते. इकडे जुनी मोडलेली वस्ती असते तिला पांढर म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंती, यांची ती माती. खत म्हणून लोक ती गाड्या भरभरून शेतात नेतात आणि तिच्याबरोबर खापरेही जातात. म्हणजे सुखदेवभाऊंच्या मळ्यातली खापरे गावच्या पांढरीतली. एक परिच्छेद, सही आणि विषय संपला.

मानोऱ्याचा बाजार

गुरुवारी प्रणिता कोपऱ्यातले गवत काढून दोऱ्या लावत होती. मला म्हणाली, "सर, तुम्ही फिरून या. तुम्ही शेजारी उभे राहिलात की माझा हात थांबतो." मी गजाननच्या छोट्या हत्तीत, म्हणजे मालवाहू टेम्पोत, वांग्यांच्या कॅरेटांवर बसून मानोऱ्याला गेलो. गोकर्णाबाई पुढे, सुखदेवभाऊ माझ्याजवळ. रस्त्याने तांडे लागले. बरीच दारे कुलपात. माणसे ऊसतोडीला गेलेली.

बाजारात जागा मांडेपर्यंत शेजारच्या मिरचीवाल्याने सुरुवात केली.

"काय खापरेभाऊ, हंडा भेटला का?"

"भेटला. तुह्या बायकोले देऊन आलो," सुखदेवभाऊ म्हणाले.

"हे कोन?"

"पुन्याचे साहेब. तेच."

मिरचीवाल्याने मला नीट पाहून घेतले. "तुमी बरं केलं होतं साहेब, सरकारी कागदावर लिहून देल्लं. नाई तं यानं सारा मळा खोदला असता."

सुखदेवभाऊ वांगी रचत राहिले. खापरे हे त्यांचे आडनाव नाही. ते नाव माझ्या परिच्छेदाने त्यांना दिले होते, आणि ते बावीस वर्षे या बाजारात त्याला ओ देत होते. मी तेव्हाच सांगायला हवे होते. मी पाच रुपयांची कोथिंबीर घेतली, ज्यांच्या गाडीत बसून आलो त्यांच्याचकडून.

परत येताना गोकर्णाबाई मागे माझ्याजवळ बसल्या. मी सहज विचारले, तळहातावर हा वण कसला?

"काचेचा. त्या वाघमोड्याच्या शेतात निंदायले जाऊ ना आमी, रोजानं. तिथं पांढरीची माती टाकेल हाय. अन् पांढरीच्या मातीत बांगड्याचे तुकडे येतेतच. निंदता निंदता हात कापते. आमच्या बायका त्या शेताचं नाव काढलं का चिंध्या बांधून जातेत हाताले."

"आणि तुमच्या मळ्यात?"

"आमच्या मळ्यात कायची काच? सासऱ्यानं कधी पांढर टाकूच नाई देल्ली. भाजीपाला विकायचा, बायका-लेकरं उघड्या हातानं उपटतेत, म्हने. चाळीस वर्षं निंदून राह्यली, एकडाव काच नाई लागली."

मी गाडीचा दांडा धरून बसलो होतो, तो सोडायचे भान राहिले नाही. पांढरीची माती आली असती तर तिच्याबरोबर काच आली असती. नुसती खापरे निवडून कोणती माती येते? हे मी बावीस वर्षांपूर्वी विचारले असते, तर याच बाईंनी एका दमात सांगितले असते. तेव्हा त्या तिथेच, दहा हातांवर, निंदत होत्या. मी मळ्यातल्या सगळ्या पुरुषांना विचारले होते.

"हे तुम्ही कोणाला सांगितले नाहीत?"

"कोनं विचारलं?"

चाळण

प्रणिताने ऐकून घेतले आणि म्हणाली, "छान आहे. पण आठवण म्हणजे पुरावा नाही, काकू. राग मानू नका."

"राग कायचा? पाहून घ्या," गोकर्णाबाई म्हणाल्या.

चाळायचे काम गजाननने मागून घेतले. म्हणाला, "मी करतो. म्हंजे मंग बाबाले म्हनता येनार नाई का मी नाई पायलं. अन् तुमालेबी म्हनता येनार नाई का बाबानं बनवलं." वाघमोड्यांच्या शेतातून त्यांना विचारून दहा घमेली माती, मळ्याच्या वेगवेगळ्या भागांतून दहा. कुठून घ्यायची ते त्यानेच ठरवले. शुक्रवारी दुपारपर्यंत तो चाळत होता. वाघमोड्यांच्या मातीत मूठभर काच निघाली, हिरवी, पिवळी, काळी, आणि चिलमीचे तुकडे, विटांचा चुरा, गुळगुळीत झिजलेली खापरे. मळ्याच्या मातीत खापरे निघाली. त्यांच्या कडा धारदार होत्या. काचेचा एक कण नव्हता.

गजाननने दोन्ही ढिगांतली खापरे हातात घेऊन पाहिली. मग म्हणाला, "पन ताई, आपली जमीन उन्हाळ्यात फाटते. हात जाईन इतक्या भेगा पडतेत. माहा पाना गेला होता एकडाव, अजून नाई निंगला. हे खापरं बी वरतून खाली गेले नसतीन कायच्यावरून?"

प्रणिता माझ्याकडे पाहून हसली. "सर, हा प्रश्न मला परीक्षेत विचारला होता."

"मंग उत्तर?"

"उत्तर खाली आहे. खापर भेगेत पडते. जमीन भेगेत पडत नाही. सपाट चोपलेली जमीन सापडली, तर बोलू."

तिने जुन्या वहीतल्या दोऱ्यांच्या मापांवरून माझा दुसरा खड्डा शोधला आणि तो मोकळा करायला घेतला. मी खिशावर हात ठेवून बांधावर बसून राहिलो. माती काढणाऱ्या माणसाला थांबवता येत नाही, आणि खाली काय आहे हे त्या मळ्यात फक्त मला ठाऊक होते. असे मी समजत होतो.

पोते

शनिवारी सकाळी कुदळीला प्लास्टिक लागले. गजाननने हाताने ओढून पाहिले. पांढरे, चिखलात दबलेले, अक्षरे अर्धी गेलेली.

"हे तं आपलं खताचं पोतं," तो म्हणाला.

एकाशेजारी एक, नीट अंथरलेली चार पोती. प्रणिता वाकून पाहत होती. ती सरळ झाली आणि माझ्याकडे वळली. आमच्या व्यवसायातल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. खड्डा बुजवताना खाली काही जपण्यासारखे असेल तरच त्यावर काही अंथरतात. नुसत्या मातीवर कोणी पोती घालत नाही.

मी खिशातले पान काढून तिला दिले. त्यावर माझ्या अक्षरात आहे: चोपलेली पिवळट जमीन, जळलेल्या मातीचा गोल, खांबाच्या दोन खळग्या. खाली आकृती. शेवटच्या दिवशी, दुपारी काढलेली.

"हे मी पाहिले होते," मी म्हटले. "पाहिले, मापले आणि झाकले. अहवालात लिहिले नाही."

मग पुढचेही सांगितले. सरांनी मला खोटे लिही असे कधी म्हटले नाही. म्हटले असते तर सोपे गेले असते, मी त्यांच्यावर ढकलून दिले असते. त्यांनी फक्त पत्रात विचारले होते की विशेष काही नाही ना. माझ्या नेमणुकीसाठी त्यांची शिफारस जायची होती. मी उलट टपाली कळवले, विशेष काही नाही. नेमणूक झाली. त्या पगारावर घर झाले, मुलगी शिकली. दर वर्षी मुलांना शिकवले की पुराव्यापुढे कोणी मोठा नसतो. चांगले शिकवतो असे मुले म्हणत.

मग मी सुखदेवभाऊंकडे वळलो. "तुम्ही बरोबर होतात. मला ते त्याच दिवशी कळले होते."

ते खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले होते. "मले मालूम होतं," म्हणाले.

"काय?"

"तुमी माह्याकडून चार पोते मांगून नेले. मी म्हनलं, साहेब, मातीवर पोते कायले? तुमी बोलले नाई. मानूस उगाच पोते घालत नाई. समजलं मले, खाली काहीतरी हाय."

"मग उकरून का नाही पाहिलेत? बावीस वर्षे?"

"मी उकरलं असतं तं तुमीच म्हनले असते ना, का यानंच आनून ठेवलं." त्यांनी गवताची काडी मोडली. "तुमीच सांगत होते मजुराइले. जागेवरून हाललं का मेलं. मंग हालू नाई देल्लं. नांगर नाई घातला, पानी नाई सोडलं. कोनी ना कोनी येईन म्हनलं."

मी जे शिकवत होतो ते या माणसाने केले होते. गोकर्णाबाईंनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बावीस वर्षं मले कापूस नाई लावू देल्ला त्या कोपऱ्यात, अन् सांगितलं काय, तं जागा भारी हाय." मग माझ्याकडे न पाहता, "पानी प्या. रडा मंग."

मी प्रणिताला म्हटले, मी लेखी कबुली देतो, अहवाल मागे घेतो, हवे तिथे सही करतो.

"द्या सर, द्यायलाच हवे," ती म्हणाली. "पण तुम्ही कबूल केल्याने हे खरे ठरत नाही. तुम्ही नाकारल्याने खोटे ठरले नव्हते, तसेच. मला या पानावरची मापे हवीत. बाकी जमीन सांगेल."

कठोर वाटावे असे वाक्य. मला मात्र त्याने हलके वाटले. इतकी वर्षे मी समजत होतो की ते गाव माझ्या एका परिच्छेदाने मेले. ते माझ्या हातात कधी नव्हतेच.

जमीन

पोती उचलली. खाली जमीन होती. हाताने चोपलेली, सपाट, एका कडेला जरा उचललेली. प्रणिताने तिच्या पुढे, मी कधी न पोचलेल्या भागात, खड्डा वाढवला. जमीन तिथेही गेली. खांबाच्या आणखी तीन खळग्या, वळणावर. मधोमध लाल भाजलेला गोल. तिने त्याचा अर्धा भाग उभा कापून दाखवला: वर राख, राखेखाली लाल, लालच्या खाली तपकिरी, मग मूळ माती. उष्णता वरून खाली उतरत गेलेली. हे भेगेत पडून होत नाही, गाडीत भरूनही येत नाही. आग तिथेच, पुन्हा पुन्हा पेटलेली होती.

गोकर्णाबाई खाली उतरल्या, वाकून पाहिले. "चूल हाय. इकडून जाळ घालत, म्हून हे बाजू जास्त भाजली."

कडेला एक मडके फुटून जागच्या जागी बसलेले होते. गजाननने दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले. बसले. तिसरा लावला. तोही बसला. प्रणिता ओरडेल म्हणून त्याने ते पटकन जागेवर ठेवले. राखेची माती बादलीत ढवळल्यावर वर काळे दाणे तरंगले. सुखदेवभाऊंनी तळहातावर एक घेतला. "लाखोळी वाटते, लाखेची डाळ. पयले आमच्या इकडे लय पेरत."

"प्रयोगशाळा सांगेल," प्रणिता म्हणाली.

"सांगू द्या ना. मी तं नुसतं म्हनून राह्यलो."

रविवारी संध्याकाळी गजानन एकटाच खड्ड्यात उतरला. मी वर होतो. तो चुलीपाशी बसला, मग सपाट जमिनीवर हात फिरवला, कडेपर्यंत, जसा कोणी नव्या सारवणाचा ओलावा पाहतो. वर आला, हात झटकले, फोन लावला.

"हां भाऊ, उद्या मशीन घेऊन ये. ये ना बे, नाई कोन म्हनते? पन जागा बदलली. पश्चिमेकडच्या कोपऱ्यात. ... काहून म्हंजे? इकडे घर हाय." ऐकत राहिला. "कोनाचं ते मले काय माहीत. आमच्या आंधीचं हाय."

सुखदेवभाऊ मेथीला पाणी देत होते. त्यांनी ऐकले. पाण्याची नळी दुसऱ्या वाफ्यात टाकायची त्यांना आठवण राहिली नाही आणि पहिला वाफा तुडुंब भरून माझ्या बुटांपर्यंत आला.

घरी आल्यावर

पुण्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तो जुना अहवाल मागे घेतल्याचे पत्र संबंधितांना पाठवले, फाडलेल्या पानाची प्रत जोडून. काही जुन्या सहकाऱ्यांनी फोन केले नाहीत. एकाने केला, तो म्हणाला की एका झोपडीवरून एवढे मोठे मत बदलत नाही. बरोबरच आहे त्याचे. मीही हेच म्हटले असते, आणि या वेळी प्रामाणिकपणे. त्याला मी प्रणिताचा पत्ता दिला. उन्हाळ्याच्या आधी तो स्वतः जाऊन चुलीचा तो कापलेला अर्धा भाग पाहून आला. परत येऊन इतकेच म्हणाला, "आणखी दोन ठिकाणी खड्डे घ्यायला हवेत. कुठे घ्यावेत ते मी सांगतो." आमच्यात मत बदलते ते असे. कोणी हरलो म्हणत नाही, फक्त पुढचा खड्डा कुठे घ्यायचा यावर बोलू लागतो.

चैत्रात प्रयोगशाळेचे उत्तर आले. कोळसा अडीच हजार वर्षांच्या पलीकडचा. दाण्यांत लाखोळी आहे. प्रणिता परीक्षेच्या कामात होती, म्हणून तिने मला सांगितले, तुम्हीच कळवा त्यांना, आणि सगळे कळवा, त्यांना न आवडणारेही.

मी सुखदेवभाऊंना फोन केला. मागे मोटरचा आवाज होता. आधी वय सांगितले. मग लाखोळीचे सांगितले. ते गोकर्णाबाईंना ओरडून सांगून आले.

"पण भाऊ, एक आहे," मी म्हटले. "तुम्ही गाव म्हणत होतात, मोठे. प्रणिताने आजूबाजूला पाहिले आहे. तिला वाटते, दोन घरे असतील. फार तर तीन. गाव नाही म्हणता येणार. पुढे आणखी निघाले तर बदलेल, पण आज एवढेच लिहिता येते."

त्यांनी मोटर बंद केली असावी. एकदम शांत झाले.

"दोन घरं," ते म्हणाले.

"हो."

"शेती करनारे?"

"हो. राहणारे."

"मंग दोन तं दोन. मी जास्तीचं बोललो असीन. पन साहेब, तुमी सांगा. तिचं नाई, कागदाचं नाई. तुमी तुमच्या डोळ्यानं पायलं होतं त्या दिवशी. घर होतं का नाई?"

"होते," मी म्हटले.